महागड्या शाईच्या पेनाच्या वाटेला जाण्याआधी

माझ्या खिशाला शाईचं पेन असतं हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे बोनसच्या महिन्यात कुणीतरी हमखास टेबलापाशी येऊन उभं राहतं. "काका, एक चांगलं फाउंटन पेन घ्यायचंय. आयुष्यभर पुरेल असं. कुठलं घेऊ?" मी बजेट विचारतो. पोरगं आधी पाच हजार म्हणतं, मग फोनवर बघितलेला आकडा आठवून गप्प होतं. माँ ब्लाँचं १४९, म्हणजे ते जाडजूड काळं पेन ज्याच्या टोपणावर पांढरं चांदणीसारखं चिन्ह असतं, आज लाखाच्या घरात गेलंय. पेलिकनचं एम ८०० घ्यायचं तरी चांगल्या स्कूटरच्या डाउन पेमेंटपेक्षा जास्त पैसे लागतात. आणि मागच्या वर्षी बघून ठेवलेली किंमत या वर्षी तिथे नसते.

दर वेळी तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदा लिहून ठेवतोय. मुंबईत राहून या नादाला नव्याने लागणाऱ्यांसाठी आहे हे. ज्यांच्याकडे आधीच वीस पेनं आहेत त्यांनी वाचून भांडायला येऊ नये.

पहिली पायरी: तीन महिने स्वस्तातलं पेन चालवा

क्रॉफर्ड मार्केटला उतरा आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या स्टेशनरीच्या गर्दीत शिरा. कॅमलिनचं, हिरोचं किंवा आपल्या मुंबईच्याच एअरमेल कंपनीचं वॅलिटी, यातलं काहीही चालेल. सोबत रॉयल ब्लू शाईची एक बाटली. कॅमलिन ही दांडेकरांची कंपनी, १९३१ ची. सुरुवात शाईच्या पुडीपासून, तीही 'हॉर्स ब्रँड' नावाने. उंट नंतर आला. थोडे जास्त पैसे असतील तर लॅमी सफारी घ्या. ते १९८० साली शाळकरी मुलांसाठी म्हणून काढलं होतं, त्यामुळे बोटं कुठे ठेवायची हे त्या पेनाची खोबणच शिकवते.

या तीन महिन्यांत तुम्हाला स्वतःबद्दल काही गोष्टी कळायच्या आहेत. तुम्ही दाबून लिहिता का? बहुतेक जण लिहितात, कारण बॉलपेनाने आपल्याला कागदावर नांगर धरायची सवय लावली आहे. सोन्याच्या निबेवर ती सवय नेलीत तर टोकाच्या चिरेची दोन पाती फाकतील आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून घाम फुटेल. अक्षर बारीक आहे की मोठं? दिवसाला किती लिहिता? यातल्या शेवटच्या प्रश्नाने बरेच जण गळतात. महिनाभर पेन ड्रॉवरमध्येच पडून राहिलं, तर लाखाचं पेनसुद्धा तिथेच पडणार आहे. हे तीनशे रुपयांत कळलं तर बरंच.

दुसरी पायरी: निबेतलं सोनं मोजा

दुकानदाराला विचारा, भाव का वाढले? तो म्हणेल, "साहेब, सोनं कुठे गेलंय बघा ना." खरं आहे. २०१५ मध्ये दहा ग्रॅमला सव्वीस-सत्तावीस हजार मोजत होतो. २०२५ मध्ये भाव लाखाच्या पुढे गेला. पण झवेरी बाजारात आपली आई करते तसा हिशेब इथेही करून बघू.

निबेवर बारीक अक्षरांत ५८५ किंवा ७५० असा आकडा असतो. ५८५ म्हणजे चौदा कॅरेट, हजारात ५८५ भाग सोनं. ७५० म्हणजे अठरा कॅरेट. जपानची सेलर कंपनी एकवीस कॅरेटच्या निबा करते, त्यावर ८७५ दिसेल. आता समजा तुमची चौदा कॅरेटची निब अर्ध्या ग्रॅमची आहे. तिच्यात शुद्ध सोनं भरलं ०.२९ ग्रॅम. ग्रॅमला दहा हजार धरले तर झाले २,९०० रुपये. २०१५ च्या भावाने तेवढंच सोनं आठशेच्या आसपास पडलं असतं. म्हणजे दहा वर्षांत सोन्यामुळे पेन महाग झालं ते सुमारे दोन हजारांनी. हे दोन हजार कारखान्याच्या दारातले. वितरक, दुकानदार आणि कर आपापली टक्केवारी लावतात तेव्हा ते फुगतात, हे मान्य. अठरा कॅरेटची चांगली ग्रॅमभर वजनाची निब धरली तरी सोनं साडेसात हजारांचं. लाखाच्या पेनात बाकीचे ब्याण्णव हजार कशाचे, हा प्रश्न तुमच्या खिशातून पैसे निघण्याआधी डोक्यात यायला हवा.

थोडे चलनाचे. युरो २०२५ मध्ये शंभर रुपयांच्या वर गेला, आणि जर्मन-इटालियन पेनं युरोत येतात. थोडे कराचे: ऑक्टोबर २०२१ पासून सगळ्या पेनांवर १८ टक्के जीएसटी आहे, वर आयातीचं सीमाशुल्क. येनचं मात्र उलटं झालं. २०२२ नंतर येन इतका घसरला की जपानी पेनं आपल्याला स्वस्त पडायला हवी होती. पण पायलट, सेलर, प्लॅटिनम या तिघांनीही घरच्या बाजारात भाव वाढवले आणि आपला फायदा हवेत विरला.

उरलेले पैसे नावाचे आहेत. यात मला नैतिक आक्षेप वगैरे काही नाही, फक्त ते माहीत असावं. माँ ब्लाँ ज्या रिशमाँ समूहात आहे त्याच समूहात कार्तिए आहे. म्हणजे ही कंपनी पेनाची किंमत घड्याळ आणि दागिन्यांच्या पंगतीत बसून ठरवते, स्टेशनरीच्या नाही. तिथे किंमत वाढणं हाच जाहिरातीचा भाग असतो. १४९ हे मॉडेल १९५२ चं आहे. बाहेरून बघाल तर ते आजही ओळखू येईल तसंच आहे. निबेवर ४८१० कोरलेलं असतं, ती माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची. (प्लॅटिनमने हाच खेळ फुजीवर केला; त्यांच्या पेनाचं नावच ३७७६.)

काही पेनांत मात्र पैसे खरंच हातांच्या कामाचे असतात. पायलटची नामिकी म्हणून जी महागडी शाखा आहे, तिच्या माकिए पेनांवर उरुशी लाखेचे थरावर थर देतात, मध्ये सोन्याची भुकटी पेरतात, प्रत्येक थर सुकू देतात. एका पेनाला महिने लागतात. गंमत म्हणजे ही लाख सुकायला दमट हवा लागते. आपल्याकडे जुलैत कपडेही वाळत नाहीत, लाख मात्र मजेत वाळली असती. अशा पेनाला दोन लाख मोजणाऱ्याला मी हसत नाही. साच्यातून निघालेल्या काळ्या रेझिनला लाख मोजणाऱ्याला एकदा तरी विचारतो, की बाबा, नक्की ना?

आणि लिमिटेड एडिशनपासून नवख्यांनी हात जोडून लांब राहावं. २००९ मध्ये माँ ब्लाँने गांधीजींच्या नावाचं पेन काढलं होतं. दांडीयात्रेच्या २४१ मैलांसाठी २४१ पेनं, किंमत अकरा लाखांच्या वर. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि विक्री थांबवावी लागली. त्याच गांधीजींच्या स्वदेशीच्या हट्टापायी राजमहेंद्रीला १९३० च्या दशकात रत्नम पेनं तयार झाली होती, आणि ती आजही होतात, हातानेच.

तिसरी पायरी: डब्यावरचं स्टिकर वाचा

ही छोटीशी गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तिने माझे सर्वांत जास्त पैसे वाचवले. आयात केलेल्या पेनाच्या डब्यावर भारतात एक पांढरं स्टिकर लावावं लागतं. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी असते. छापील एमआरपीपेक्षा जास्त पैसे दुकानदाराला घेता येत नाहीत. आता विचार करा: कंपनीने जानेवारीत भाव वाढवले, पण दुकानात दोन वर्षांपूर्वीच्या स्टिकरचा डबा पडून आहे. तो डबा जुन्याच भावाचा.

असे डबे चकचकीत मॉलमध्ये कमी सापडतात. लोअर परळ किंवा बीकेसीच्या बुटीकमध्ये माल सतत फिरता असतो, एसी थंडगार, माणसं अदबशीर, किंमत ताजी. बेंगळुरूच्या विल्यम पेनची दुकानं मॉलमॉलमध्ये आहेत. याच कंपनीने २०२२ मध्ये शेफर हा जुना अमेरिकन ब्रँडच विकत घेतला, त्यामुळे शेफर बघायचं तर तिथे बघावं. पण जुन्या स्टिकरसाठी फोर्टात चाला. दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखाली आणि मागच्या गल्ल्यांत भेटवस्तू-पेनांची जुनी दुकानं अजून तग धरून आहेत. मालक सहसा गल्ल्यावर असतो. त्याला "सर्वांत स्वस्त काय आहे" असं विचारू नका. "न हललेलं काही आहे का" विचारा. रंग चालत नाही म्हणून मागे राहिलेलं पेन असतं, जाड निब आहे म्हणून राहिलेलं असतं. घासाघीस शांतपणे, चहा घेत. शनिवारी दुपारी जाऊ नये, तेव्हा कुणालाच वेळ नसतो.

बिल पक्कंच घ्या. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मागा. बिल नको म्हणालात तर सूट देतो असं कुणी म्हणालं, तर ती सूट पुढे निब बिघडेल त्या दिवशी व्याजासकट परत जाते. दोन लाखांच्या पुढची खरेदी असेल तर पॅन द्यावं लागेल, पण तुम्ही नवखे असाल तर तिथवर पोचूच नका.

किमतीची एक वहीही ठेवा. मनात असलेली तीन पेनं, तारीख, दुकान, किंमत, बस्स. सहा महिन्यांनी कुठल्या कंपनीला वर्षातून दोनदा भाव वाढवायची खोड आहे ते आपोआप दिसतं, आणि "उद्यापासून वाढणार" या वाक्याची भीतीही जाते. भाव वाढणार म्हणून घाईने घेतलेलं माझं एक पेन गेली सहा वर्षं डब्यात आहे. निब मला मानवतच नाही.

चौथी पायरी: दुकानात सही करू नका, मराठी लिहा

दुकानात पेन हातात दिलं की सगळे सही करतात. सही दोन सेकंदांत होते आणि ती कुठल्याही पेनाने झोकदारच येते. त्याऐवजी चार ओळी मराठी लिहा. 'कृष्ण', 'ज्ञानेश्वर', 'दुसऱ्या', 'राष्ट्र' असे शब्द घ्या. बारीक अक्षर असेल आणि निब जाड असेल तर ष्ट्रची पोटं शाईने बुजतात, ऱ्या ओळखू येत नाही. मग पाच-सहा शब्दांवर एका दमात लांब शिरोरेषा ओढा. इंग्रजी लिहिणाऱ्याला एवढी लांब आडवी रेघ कधी ओढावीच लागत नाही, म्हणून हा दोष परदेशी परीक्षणांत सापडणार नाही. रेघ मध्ये तुटली किंवा दोन रुळांसारखी फाटली तर शाई पुरत नाहीये. जिभेत, म्हणजे निबेखालच्या त्या खाचांच्या काळ्या पट्टीत, काहीतरी गडबड आहे किंवा पाती फाकली आहेत. दुसरा नग मागा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

जाडी निवडताना एवढं लक्षात ठेवा की जपानी फाइन ही जर्मन फाइनपेक्षा साधारण एक घर बारीक असते. नेहमीच्या टिपणांसाठी, ऑफिसच्या पातळ कागदावर, जपानी फाइन किंवा मीडियम देवनागरीला फार शोभते. स्टब निब घेतलीत, म्हणजे टोक सपाट कापलेली, तर उभे दंड जाड आणि शिरोरेषा नाजूक येते, पत्राला झकास. पण बँकेच्या फॉर्मवरच्या चौकोनांत ती मावत नाही.

तीस हजारांच्या आत "एकच घेतो, पुन्हा विचारणार नाही" असं कुणी शपथेवर म्हणालं तर मी दोन नावं सांगतो. एक लॅमी २०००. १९६६ चं डिझाइन, चौदा कॅरेटची निब, पिस्टनने शाई भरायची, अंगावर कुठलाही झगमगाट नाही. लोकलमध्ये शेजारच्याला ते साधं काळं पेन वाटतं, हा फायदाच. (लॅमी २०२४ पासून जपानच्या मित्सुबिशी पेन्सिलच्या मालकीची आहे, तेव्हा पुढे भाव कुठे जातील ते वहीत लिहीत राहा.) दुसरं प्लॅटिनम ३७७६ सेंच्युरी. त्याच्या टोपणात आतली झाकणी अशी बसते की महिनोन्‌महिने न वापरता पडलं तरी शाई वाळत नाही. आळशी माणसाला याहून चांगलं पेन नाही.

आणि पाच-दहा हजार आहेत, काहीतरी खास हवंय, पण सोन्याचा हट्ट नाही? मग आपल्याकडची हातपेनं बघा. चेन्नईचं आसा, तिरुवल्लूरचं रंगा, पुण्याचं फॉस्फर. एबोनाइटच्या (म्हणजे कडक रबराच्या) किंवा ॲक्रिलिकच्या कांडीतून लेथवर कातलेलं अंग, आणि निब बहुतेकदा जर्मनीची, बॉकची नाहीतर योवोची. स्टीलची असली तरी टोकाला कठीण धातूचा थेंब सोन्याच्या निबेला असतो तसाच असतो, आणि कागदाला लागतो तो फक्त तेवढाच थेंब. मला विचाराल तर नवख्याचं पहिलं 'चांगलं' पेन हेच असावं.

पाचवी पायरी: जुनं घ्यायचं असेल तर आधी घरचं कपाट उघडा

हसू नका. मुंबईतल्या किती घरांत आजोबांचं पार्कर ५१ साड्यांच्या कपाटात, एलआयसीच्या पावत्यांच्या खाली पडलेलं असतं. १९४१ मध्ये बाजारात आलं, लाखोंनी खपलं. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, म्हणून लवकर वाळतही नाही. साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, पाणी निळं यायचं थांबेपर्यंत बदला. गरम पाणी नको, स्पिरिट तर अजिबात नको. निम्म्या वेळा ते पेन दुसऱ्या दिवशी लिहायला लागतं. आमच्याकडे मामांचं लिहायला लागलं तेव्हा मामींनी आधी मला पुरणपोळी वाढली आणि मग पेन परत मागून घेतलं.

घरात नसेल आणि चोर बाजारात, मटण स्ट्रीटला जायचं असेल तर शुक्रवारी पहाटे जा, खिशात थोडेच पैसे ठेवून. दहा पट मोठं दाखवणारं भिंग न्या. टोपणाच्या ओठाला केसाएवढी चीर आहे का, पाती एका पातळीत आहेत का, पिस्टन फिरतो का, एवढं बघा. छोटी बाटली पाणी सोबत असू द्या. निब बुडवून कागदावर ओढली तरी खरखर कळते. कुणाचं तरी नाव कोरलेलं असेल तर किंमत पाडून मागा, लिहिण्यात काही फरक पडत नाही.

महाग ब्रँडचं नाव आणि दोन हजार किंमत असं समीकरण फूटपाथवर दिसलं तर पुढे चालू लागा. मी चालू लागलो नव्हतो. चांदणी होती, ४८१० होतं, वजनही होतं. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या शर्टावर हाताच्या तळव्याएवढा निळा डाग आणि ऑफिसात दिवसभर फाइल छातीशी धरून फिरणं. नंतर कळलं की आज मिळणाऱ्या खऱ्या माँ ब्लाँच्या क्लिपच्या कड्यावर नंबर असतो, क्लिपच्या आतल्या बाजूला 'पिक्स' कोरलेलं असतं, आणि काळं रेझिन जोरदार उजेडासमोर धरलं तर आतून गडद लालसर दिसतं. माझं कोळशासारखं काळंच राहिलं. अलीकडच्या नकला नंबर आणि पिक्सही छापतात, त्यामुळे बिलाशिवाय आणि विकणाऱ्याच्या ओळखीशिवाय महागडं जुनं पेन घेऊच नये.

बाहेरून मागवायचं असेल तर

परदेशी साइटवर किंमत कमी दिसते, कारण तिच्यात आपले कर नसतात. माझ्या एका मित्राने जपानहून पेन मागवलं आणि कुरिअरवाल्याने डबा देण्याआधी कराची पावती पुढे केली. दोन्ही बेरजा केल्यावर फोर्टातलं पेन स्वस्त निघालं. वैयक्तिक पार्सलवरचे दर बजेटनुसार बदलतात, म्हणून 'खरेदी करा' हे बटण दाबण्याआधी त्या दिवशीचा दर सीमाशुल्काच्या साइटवर बघा आणि किंमत, पोस्टेज, कर अशी बेरीज कागदावर मांडा. वॉरंटी बऱ्याचदा इथे चालत नाही, ती किंमत वेगळी. भाऊ-वहिनी टोकियोहून येणार असतील तर गोष्ट निराळी, पण त्यांनाही सामानातली सवलतीची मर्यादा आधी विचारून घ्या आणि बिल हातात ठेवायला सांगा.

घेतल्यावर

शाई फक्त फाउंटन पेनाची. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई बाटली सारखीच दिसते म्हणून कुणी भरली, तर आत लाखेसारखा थर बसतो आणि पेन कायमचं चोंदतं. दीड-दोन महिन्यांनी साध्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात शाईची बाटली उघडण्याआधी वास घ्या, वर तवंग दिसला तर ती बाटली पेनाला दाखवूही नका. बुरशी आत गेली की निघता निघत नाही. चेकवर धुऊन जाणारी निळी शाई वापरू नका.

विमानात बसताना पेन पूर्ण भरलेलं तरी असावं नाहीतर पूर्ण रिकामं. अर्धं भरलेलं असेल तर आतली हवा फुगते आणि शाई टोपणात येते. लोकलचंही तसंच: निब वर, क्लिप शर्टाच्या खिशाला, आणि डोंबिवली फास्टला चढणार असाल तर खिशातून काढून बॅगेच्या आतल्या कप्प्यात, उभं. ठाण्याच्या पुढे गर्दी इतकी दाबते की टोपण खिशाला राहतं आणि पेन मात्र दुसऱ्याच्या पायाखाली उतरतं.